गुण कोणाचा?

धानोऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात ओपीडी संपली होती. मॅडम बीएएमएस. बाकावर निवृत्त आरोग्यसेवक भाऊ, तापाच्या रक्तपट्ट्या गोळा करण्यात जन्म गेलेला माणूस.

"सिकलसेलवाल्या पोराची आई आली होती, भाऊ. म्हणते, पुजाऱ्याच्या मुळीनं गुण आला."

"खरंच आला का जी?"

"चार महिन्यांत हाडं ठणकली नाहीत. पण हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूलही चालूच आहे."

"मग सांगून टाका, गुण कॅप्सूलचा."

"सांगितलं तर ती पुजाऱ्याला सोडणार नाही, मला सोडेल." मॅडम थोडं थांबल्या. "पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर त्याचं जनुक पुसलं जात नाही, त्यावर रासायनिक झाकणं बसतात आणि ते निजतं. सिकलसेलचा दोष मोठेपणीच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात, तोही एका अक्षराचा. कॅप्सूलनं बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, पेशी विळ्यासारख्या कमी वाकतात. उद्या गावात मी म्हटलं, मुळी ते झाकण उघडते, तर? पुजारी खूष, आई खूष, कॅप्सूल चालू."

"मोजलं का?"

"नाही."

"मग हाही मंतरच झाला. दवाखान्यातला."

मॅडमना हसू आलं, पण लागलंही.

"तुम्ही पीएफ मलेरियाला आर्टेसुनेट वाटलंत ना? ते चिनी वैद्यकातल्या एका वनस्पतीतून आलं. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलाय. चिनी शास्त्रज्ञ तू यूयूबाईंना वाटलं, उष्णतेनंच गुण जात असेल. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानात ईथरनं अर्क काढला. २०१५ मध्ये नोबेल मिळालं."

"म्हणजे पोथी खरी."

"पोथीतली एक ओळ. यिन-यांग तिथंच राहिलं, रेणू तेवढा बाहेर आला."

"आपला पुजारी म्हणतो, दुखणं जंगलातलं, तर दवाही जंगलातच असणार. मलेरियामुळंच हे सिकलसेलचं रक्त इकडं टिकलं ना? वाहकाले पीएफ फार बाधत नाही म्हणून."

"तर्क सुरेख आहे. त्यानं मुळी औषध ठरत नाही."

"मग कॅप्सूल त्याच्याच हातून द्या."

"आणि दुसऱ्या घरी त्यानं नुसती मुळीच दिली तर? शिवाय कॅप्सूलनं पांढऱ्या पेशी उतरू शकतात, रक्त तपासत राहावं लागतं. त्यात मुळीनं यकृताला काही केलं, तर दोष कोणाला देऊ?"

"मुळी कशाची हाय?"

मॅडम गप्प.

"काहून? विचारलंच नाही? द्रव्यगुण शिकलात ना तुम्ही?"

"नाव सांगितलं की गुण जातो म्हणतात."

"म्हणतात. तुम्ही त्याले विचारलं का? बाजाराच्या दिवशी तो येते. मी बसवतो चहाले. पण ती कॅप्सूलची डबी तेवढी टेबलाखाली ठेवा."

मॅडमनी डबी उचलली, खण उघडला, पुन्हा बंद केला.

"नाही भाऊ. डबी टेबलावरच राहील. मी त्याची मुळी बघणार, तर त्यानंही ही बघावी."