कॅलेंडरवरचा ठिपका

पानिपतजवळ काला अंब इथं मराठ्यांच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१च्या लढाईत इतकं रक्त सांडलं की इथलं आंब्याचं झाड काळं पडलं, असं लोक सांगतात. भाऊसाहेब, विश्वासराव ही नावं आपल्याला तोंडपाठ आहेत. पण त्या लष्करासोबत हजारो बायकाही होत्या, कुणी कुटुंबातल्या, कुणी तीर्थयात्रेला निघालेल्या. त्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुली असणारच. बखरकारांनी लढाई नोंदवली. त्या थंडीत, उपासमारीत एखाद्या मुलीचं ओटीपोट ठणकत होतं, हे कोण नोंदवणार?

नोंद नसलेलं दुखणं हळूहळू खोटं ठरतं. आपल्या घरात आजही तेच होतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब असतो, सिलिंडरची तारीख असते आणि एखाद्या चौकटीत पेनाचा बारीकसा ठिपका असतो. तो पाळीचा. त्याच्या आधीचा आठवडा मात्र कोराच राहतो. त्याच आठवड्यात मुलगी उगाच रडते, धाकट्या भावावर खेकसते, छाती दुखते म्हणून पालथी झोपत नाही, पुस्तक उघडून नुसती बसते. घर म्हणतं, ‘नखरे वाढलेत हिचे.’

ते नखरे नसतात. १९५३ साली ब्रिटनमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या डॉक्टरांनी या लक्षणसमूहाला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे आजचं नाव दिलं. पाळीआधी संप्रेरकांची पातळी बदलते आणि काहींच्या मेंदूला तो बदल अधिक जाणवतो. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत त्रास ओसरतो.

यावर गटात बसून बोलण्याचा मोठा उपयोग होतो. आठ-दहा मुली आणि एक समुपदेशक गोल करून बसतात. पहिली मुलगी खाली बघत म्हणते, ‘मला त्या दिवसांत आईचाही राग येतो.’ समोरची मान वर करते, ‘मलापण.’ या ‘मलापण’नं अर्धं ओझं उतरतं. मग वही निघते. दोन-तीन महिने रोजचा त्रास लिहायचा, झोप सांभाळायची, चालायचं, मनातला टोकाचा विचार खरा आहे का ते तपासायचं. जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे लगेच जायचं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमामुळे २०१४ पासून सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय झाली आहे. शाळांनी ती वर्गापर्यंत आणावी.

मात्र या ज्ञानाचा एक दुरुपयोगही मला दिसतो. मुलगी चिडली की आपण कॅलेंडर बघतो आणि ‘तिचे दिवस जवळ आलेत’ म्हणून विषय मिटवतो. भावाला बाहेर सोडता आणि मला का नाही, हा तिचा प्रश्न पाळीच्या आदल्या दिवशीही तितकाच रास्त असतो. त्या दिवसांत तिची सहनशक्ती कमी होते, अक्कल नव्हे. दुखणं मान्य करायचं आणि तिचं म्हणणंही ऐकायचं, दोन्ही एकदमच.

२२ जानेवारी २०१५ रोजी याच पानिपतातून ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ मोहीम सुरू झाली. वाचलेल्या, शिकणाऱ्या मुलीचं ऐकणं हे आपलं घरचं काम आहे. पुढच्या वेळी ती चिडेल, तेव्हा ‘पाळी आली का?’ असं विचारू नका. जवळ बसा आणि विचारा, ‘काय झालं, बाळा?’