‘असेल त्यात भागवावे’ : पण हा संतोष कोणाचा?

गृहस्थधर्माचा विषय निघाला म्हणजे आपल्या मनासमोर दान, व्रत, तीर्थयात्रा, अतिथिसत्कार इत्यादी गोष्टी उभ्या राहतात. परंतु या गोष्टी प्रसंगविशेषी घडणाऱ्या आहेत. ज्या ठिकाणी गृहस्थाच्या धर्माची परीक्षा दररोज, आणि तीही दोन वेळा होते, ते ठिकाण म्हणजे घरातील चूल होय. दिवे लागण्याची वेळ झाली आहे, भाजीची टोपली रिकामी आहे, डब्यांत मूठभर डाळ, दोन कांदे आणि थोडे पीठ एवढेच उरले आहे, आणि घरात पाच माणसे जेवावयाची आहेत; हा प्रसंग आपल्या देशातील कोणत्या घराला अपरिचित आहे? अशा वेळी महाराष्ट्रातील गृहिणी बेसन कालवून पिठले करते, बिहारात सत्तू मळला जातो, बंगालमध्ये उकडलेला बटाटा मोहरीच्या तेलात कुस्करून भाताबरोबर वाढतात, तमिळनाडूत चिंचेच्या कोळाचे रसम होते, आणि खिचडी तर बहुतेक साऱ्या देशाचीच आहे. घरात असेल त्यात भागवावे, हे सूत्र भाषेभाषेतील आजीने नातीला शिकविले आहे.

हे सूत्र चांगलेच आहे. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. असेल त्यात भागविण्यात ज्या संतोषाची आपण स्तुती करतो, तो संतोष पाळावयाचा कोणी? जेवणाऱ्याने की रांधणाऱ्याने?

प्रथम संतोषाचाच विचार करू. गीतेच्या सतराव्या अध्यायातील ८ ते १० या श्लोकांत सात्त्विक, राजस व तामस अशा तीन प्रकारच्या आहारांचे वर्णन आले आहे. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे एकाही धान्याचे, भाजीचे अथवा पक्वान्नाचे नाव नाही. अन्न शरीराला व मनाला काय देते, त्याची चव अतिरेकाला गेली आहे काय, ते ताजे व शुद्ध आहे काय, एवढेच पाहिले आहे. त्याच्या किमतीचा उल्लेखही नाही. त्यामुळे साधी डाळ-भाकरी सात्त्विक असू शकते आणि वीस वाट्यांचे ताट राजस ठरू शकते. चौथ्या अध्यायात (४.२२) सहजगत्या जे प्राप्त होईल त्यात तृप्त राहणारा पुरुष कर्माने बांधला जात नाही असे सांगितले आहे, आणि नवव्या अध्यायात (९.२६) पान, फूल, फळ किंवा पाणी एवढ्या सामग्रीचाही भगवंत स्वीकार करतात. उद्योगपर्वात श्रीकृष्ण दुर्योधनाचे भोजन नाकारून विदुराच्या घरी जेवले. तेथे त्यांना कण्या वाढल्या गेल्या हे महाभारताचे नव्हे, तर पुढील भक्तिपरंपरेचे सांगणे आहे. पण ते आपल्या लोकांच्या मनात इतके रुजले की ‘विदुराघरच्या कण्या’ हा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. या साऱ्या ठिकाणी संतोष कोणाचा आहे ते पाहावे. तो जेवणाऱ्याचा आहे. जो पुढे आलेले अन्न स्वीकारतो, त्याला हा धर्म सांगितला आहे.

आता रांधणाऱ्याकडे वळू. येथे व्याकरणशास्त्राची थोडी मदत घेतो; वाचकांनी कंटाळू नये. संस्कृतात क्रियापदांची दोन पदे आहेत : परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचे पद, आणि आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठीचे पद. काही धातू दोन्ही पदांत चालतात. त्यांच्या बाबतीत पाणिनीचा नियम (१.३.७२) असा की, क्रियेचे फळ कर्त्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद योजावे. या सूत्रावर ‘काशिका’ वृत्तीने जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत ‘यज्’ म्हणजे यज्ञ करणे आणि ‘पच्’ म्हणजे शिजविणे हे धातू शेजारी शेजारी आले आहेत. यजमान स्वतःच्या फळासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’. त्याच्यासाठी ऋत्विज यज्ञ करतात तेव्हा ‘यजन्ति’. तसेच स्वतःसाठी रांधणारा ‘पचते’, आणि दुसऱ्यांसाठी रांधणारे आचारी ‘पचन्ति’.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील १३ व्या श्लोकाचा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. यज्ञ करून उरलेले अन्न खाणारे सज्जन पापातून मुक्त होतात. जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पापच खातात. या स्वार्थी लोकांविषयी तेथे जे क्रियापद आहे ते मात्र आत्मनेपदी नसून परस्मैपदी आहे. ‘स्वतःसाठी’ हा अर्थ जवळच्या शब्दानेच स्पष्ट होत असल्यास दोन्ही पदे चालतात, असा पाणिनीचा दुसरा नियम (१.३.७७) आहे, त्यामुळे हे रूप सर्वथा शुद्ध आहे. मराठीत अनुवाद करताना हा भेद दाखविता येत नाही, परंतु त्याचे मनन करण्याजोगे आहे. क्रियेचे रूप दुसऱ्यासाठीचे आणि हेतू मात्र स्वतःचा, अशी ती विसंगती आहे. शिजविण्याची क्रिया मुळातच वाटून घेण्यासाठी आहे. तिचा रोख स्वतःकडे वळविला की तेथे दोष उत्पन्न होतो.

येथे एक शंका उत्पन्न होते. गृहिणी तर रोज दुसऱ्यांसाठीच शिजविते. मग तिचे कर्म निर्दोष झाले, आणि विचार करण्याजोगे काही उरले नाही, असे कोणी म्हणेल. परंतु याच ठिकाणी खरा प्रश्न आहे. घरातील या नित्ययज्ञात ती यजमान आहे की ऋत्विज? फळाचा वाटा तिला आहे, की तिने केवळ इतरांसाठी हवन करावयाचे आहे? ऋत्विजाला निदान दक्षिणा असते. भारत सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-उपयोगाच्या सर्वेक्षणात असे आढळले की, घरातील विनावेतन कामे १०० पैकी सुमारे ८१ स्त्रिया करतात आणि केवळ २६ पुरुष करतात. आणि जे ही कामे करतात त्यांच्यातही स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. गॅसची शेगडी आली, मिक्सर आला, शीतकपाट आले. पण डब्यात काय उरले आहे आणि त्यात पाच जणांचे कसे भागेल ही चिंता अजून बहुधा एकाच डोक्यात असते. बाहेर दिवाणखान्यात बसून ‘असेल ते कर, आम्हाला काहीही चालेल’ असे म्हणणे सोपे आहे. पुढे ताट आल्यावर ‘आज पुन्हा हेच?’ असे ज्याच्या तोंडून निघते, त्याने आपला संतोष रांधणाऱ्याकडून वसूल केला असे म्हणावे लागते.

या बाबतीत महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील सक्तुप्रस्थाची कथा अत्यंत उद्बोधक आहे. कुरुक्षेत्रात शेतात पडलेले दाणे वेचून राहणारा एक ब्राह्मण होता. दुष्काळाच्या दिवसांत त्याला प्रस्थभर यव मिळाले. घरच्यांनी त्यांचे सत्तूचे पीठ केले. ब्राह्मण, त्याची पत्नी, पुत्र आणि सून अशी चार माणसे. प्रस्थाचे चार कुडव होतात. प्रत्येकाने एकेक कुडव घेतला. इतक्यात अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, तरी त्याची भूक भागेना. मग पत्नीने, पुत्राने आणि शेवटी सुनेने आपापला वाटा पुढे केला. त्या पिठाच्या कणांच्या स्पर्शाने एका मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. आणि पुढे युधिष्ठिराच्या अश्वमेधाच्या मंडपात लोळूनही उरलेले अर्धे अंग तसेच राहिले.

ही कथा आपण अतिथिधर्माची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील दोन बारकावे सहसा सुटतात. पहिला असा की, त्यागापूर्वी समान वाटणी झाली होती. सासऱ्याला जेवढा कुडव तेवढाच सुनेला. प्रत्येकापाशी स्वतःचा म्हणण्याजोगा वाटा होता, म्हणूनच प्रत्येकाला त्याग करता आला. दुसरा असा की, कोणीही दुसऱ्याचा वाटा देऊन टाकला नाही. पत्नीने आपला वाटा देऊ केला तेव्हा ब्राह्मण कचरला; कीटक आणि पशूदेखील आपल्या माद्यांचे पोषण करतात, मग मी तुझ्या तोंडचा घास कसा घेऊ, असा त्याचा भाव होता. उपासाने कृश झालेल्या सुनेचा वाटा घेतानाही तो असाच कचरला. त्यांनी स्वतः आग्रह केला तेव्हाच त्याने तो घेतला.

स्त्रिया प्रेमानेच मागून जेवतात, तो त्यांचा त्यागच आहे, असे म्हणणाऱ्यांना या कथेतच उत्तर आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पण त्या तिन्हींत त्याग हा करणाऱ्याचा स्वतःचा आहे. जिला वाटाच मिळाला नाही तिने त्याग केला असे म्हणता येत नाही. तिच्या वाट्याला केवळ अभाव आला. आणि घेणारा जेथे कचरत नाही, तेथे देणाऱ्याचे प्रेम कितीही खरे असले तरी घेणाऱ्याचा धर्म उणाच राहतो.

मनुस्मृतीतील सर्वच वचने आज ग्राह्य मानता येणार नाहीत. परंतु भोजनाच्या क्रमाविषयी तिसऱ्या अध्यायात जे आले आहे ते पाहण्याजोगे आहे. नवविवाहिता, कुमारिका, रोगी आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावे (३.११४). त्यानंतर अतिथी व घरातील सेवक जेवल्यावर मागे उरलेले अन्न दंपतीने खावे (३.११६). तेथील क्रियापद द्विवचनी आहे. यज्ञशेष खाण्याचा नियम पती आणि पत्नी या दोघांना मिळून लावलेला आहे. आपल्या पुष्कळ घरांत मात्र या द्विवचनाचे एकवचन झाले : पती पहिल्या पंक्तीला बसला, आणि शेष खाण्याचे व्रत एकट्या पत्नीकडे राहिले.

शिळ्या अन्नाचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. रात्र उलटलेले अन्न गीता तामस म्हणते (१७.१०), आणि शंकराचार्यांचाही अर्थ तसाच आहे. रामानुजाचार्य मात्र, काळ लोटल्याने ज्याची मूळ चव पालटली असे अन्न, असा अर्थ करतात. मनूने तूप-तेलयुक्त निर्दोष पदार्थ, तसेच जव-गव्हाचे आणि दुधाचे पदार्थ यांना शिळेपणातून सूट दिली आहे (५.२४-२५). रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा करणारी मराठी गृहिणी, किंवा भात पाण्यात घालून पखाळ करणारी ओडिया गृहिणी अन्नाचा अनादर करीत नाही. आरोग्याचे भान मात्र हवे : शिजलेला भात उष्ण हवेत तासन्‌तास राहिल्यास त्यात जंतू वाढू शकतात, आणि त्यांतील काहींचे विष पुन्हा तापवूनही जात नाही, म्हणून उरलेले अन्न लवकर थंड जागी ठेवावे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. तेव्हा उरलेले जपून वापरणे हा धर्मच होय. परंतु ते कोणाच्या ताटात जाते, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. रोज एकाच ताटात जात असेल, तर ती काटकसर नव्हे.

आणखी एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. ज्याचा डबा खरोखरच रिकामा आहे, त्याला संतोषाचा उपदेश करू नये. अन्नदानावाचून केलेल्या यज्ञाला गीतेने तामस म्हटले आहे (१७.१३). रिकाम्या डब्याला उत्तर म्हणजे धान्य. संतोषाचा उपदेश ज्याच्या डब्यात काही आहे त्याच्यासाठी आहे.

मग गृहस्थाने काय करावे? फार मोठे काही नाही. जो जेवणार आहे त्याने आठवड्यातून काही दिवस तरी स्वतः डबे उघडून पाहावे, आणि जे असेल त्यातून काय होईल हे स्वतः ठरवावे व रांधावे. डाळ-तांदूळ शिजविणे, बेसन कालविणे, भाजी फोडणीस टाकणे ही कौशल्ये पुत्रालाही कन्येइतकीच शिकवावीत. अन्न थोडे असेल त्या दिवशी वाढण्यापूर्वीच सर्वांचे वाटे करावेत, आणि त्यांत रांधणाऱ्याचा वाटा पहिल्याने बाजूला काढावा. शिळे असेल ते सर्वांनी घ्यावे. ताटावर बसून उणे काढू नये. आणि शक्य तेथे सर्वांनी एकत्र बसावे. ते न साधले तर निदान दंपतीने तरी एकत्र बसावे.

असे झाले म्हणजे मूठभर डाळीचे वरणही यज्ञशेष होईल, आणि ते रांधणारी व्यक्ती त्या यज्ञाची यजमानही होईल. ‘असेल त्यात भागवावे’ हे वाक्य तेव्हा आज्ञा म्हणून बाहेरून आत येणार नाही. घरातील सर्वांनी मिळून केलेला तो संकल्प असेल.