अवघड, पण कोणाला?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षणसंस्था परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि कोणत्या भाषेला किती वेळ लागतो याचा हिशेबही मांडते. या हिशेबात डॅनिश सोप्या गटात बसते. लात्व्हियन बरीच वरच्या, सुमारे ११०० तासांच्या अवघड गटात जाते. भाषा शिकू पाहणारा कोणीही आज हीच वर्गवारी प्रमाण मानतो. पण ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेली आहे, आणि मराठी माणसाने ती डोळे मिटून स्वीकारण्याचे काहीच कारण नाही. लात्व्हियनचे निम्मे व्याकरण आपल्याला जिभेवर ठाऊक आहे. डॅनिशला व्याकरणाचा जाच फार थोडा, तरी ती आपल्याला जास्त छळेल असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही भाषा आपल्याच मोठ्या इंडो-युरोपीय घराण्यातल्या. डॅनिश ही स्वीडिश-नॉर्वेजियनची बहीण. ती बोलणारे साठ लाखांच्या आसपास. लात्व्हियन ही बाल्टिक शाखेतली, आणि त्या शाखेत आज लिथुआनियनखेरीज तिला सख्खे कोणी उरलेले नाही. तिच्यात देवाला ‘दिएव्स’, दिवसाला ‘दिएना’, धुराला ‘दूमि’ आणि लांडग्याला ‘विल्क्स’ म्हणतात. संस्कृतातला वृक आठवला की आपण हरखून जातो. तरी अशा साम्याने हुरळून जाऊ नये. चार शब्द ओळखीचे निघाले म्हणून भाषा येत नाही. खरी ओळख वाक्याच्या घडणीत आहे.

‘मन इर दिवि ब्राल्यि’ म्हणजे ‘मला दोन भाऊ आहेत’. इंग्रजीत भाऊ ‘बाळगावे’ लागतात, डॅनिशमध्येही लागतात. लात्व्हियनमध्ये ते आपल्यासारखेच ‘मला असतात’. ‘मन पतीक तेया’ म्हणजे ‘मला चहा आवडतो’. आवडण्याचा कर्ता चहाच, मी नुसता चतुर्थीत उभा. ‘जाणे’ या अर्थाच्या ‘इएत’ला आधी ‘या’ जोडला की ‘मन याइएत’, मला जायचे आहे, जाणे भाग आहे. इंग्रजी विद्यार्थ्याला ही उलटी मांडणी महिनोन्महिने घोकावी लागते. आपल्याला ती वेगळी शिकावी लागत नाही.

विभक्तींचेही तसेच. लात्व्हियन व्याकरणात परंपरेने सात मोजतात, पण तृतीयेला स्वतःचे रूपच नाही. एकवचनात ती द्वितीयेसारखी दिसते, अनेकवचनात चतुर्थीसारखी. मग तिला वेगळी मानायचे कशाला, हा तिथला वाद. आपल्या द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्ययही सारखेच असूनही आपण संस्कृतच्या साच्यापायी दोन्ही पाठ करत आलो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा वाद परका वाटणार नाही. मला सर्वांत मोह पडतो तो ऐकीव बातमीच्या क्रियारूपाचा. ‘विन्श इर रीगा’ म्हणजे तो रीगात आहे. त्यातल्या ‘इर’च्या जागी ‘एसुओत’ घातले की अर्थ होतो, ‘तो रीगात आहे म्हणे’. सांगणाऱ्याने जबाबदारी अंगावर घेतलेली नाही, हे क्रियापदातच कळते.

आता डॅनिश. ‘याइ एर, दू एर, वी एर’: मी, तू, आम्ही, कोणीही असो, क्रियापद एकच. लिंगे दोन, नामांना विभक्ती जवळजवळ नाही. घर म्हणजे ‘हूस’, तेच ते घर म्हणजे ‘हूसेत’. निश्चितता दाखवणारी शेपटी नामाला लागते. लात्व्हियनमध्ये ती विशेषणाला लागते. मराठीत अशी सोयच नाही, म्हणून ही सवय दोन्हीकडे नव्याने लावून घ्यावी लागते.

डॅनिश आकड्यांना मात्र जग उगाच नावे ठेवते. पन्नासला ‘हाल्त्रेस’ म्हणतात. हा लांब शब्दाचा उरलेला तुकडा आहे, आणि मूळ अर्थ ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’. अर्धा-तिसरा म्हणजे अडीच. आपला ‘अडीच’ही संस्कृत ‘अर्धतृतीय’मधूनच घासत आला आहे. सत्तर म्हणजे ‘अर्धा-चौथा’ विसा, आणि अर्धचतुर्थाचाच आपल्याकडे ‘औट’ झाला. ज्या घरात अडीचकी-औटकी पाठ होत असे, तिथल्या माणसाला अडीच विसा पन्नास आणि औट विसा सत्तर हे सांगावे लागणार नाही. एकवीसही डॅनिशमध्ये ‘एक आणि वीस’ असाच, एकक आधी. शेजारच्या नॉर्वेने १९५१ साली टेलिफोन खात्याच्या आग्रहाने दशक आधी बोलायचे ठरवले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आले तेव्हा आपल्याकडे केवढे वादळ उठले होते! डेन्मार्कने मात्र जुनी मोजणी सोडली नाही. लात्व्हियनमध्ये आकडे सरळ आहेत, ‘दिव्देस्मित विएन्स’, वीस एक.

मग डॅनिश छळते कुठे? कानात. लिहिलेले निम्मे व्यंजन बोलताना विरघळते, स्वरांच्या छटा लिपीतल्या नऊ स्वरचिन्हांहून कितीतरी जास्त. डॅनिश मुलांनाही सुरुवातीचे शब्द पकडायला शेजारच्या देशांतल्या मुलांपेक्षा वेळ लागतो, असे तिथल्या भाषाभ्यासकांना आढळले आहे. त्यात भर ‘स्टॉड’ची. स्वर उच्चारता उच्चारता गळा क्षणभर आवळायचा, एवढाच तो प्रकार. पण ‘हुन’ म्हणजे ती आणि आवळून म्हटलेला ‘हुन’ म्हणजे कुत्रा.

गळ्याची अशीच अढी लात्व्हियनमध्येही आहे. ‘झाले’ हा शब्द सलग सुरात म्हटला तर सभागृह, तुटक्या सुरात म्हटला तर गवत. लिहिताना दोन्ही सारखेच. ती लात्व्हियाच्या किनाऱ्यावरच्या लिव्होनियन भाषेतही होती, जी बाल्टिक नव्हे, फिनिशच्या गोतातली. तिथली अढी हेरली ती विल्हेल्म थॉमसन या डॅनिश पंडिताने, १८९० साली फिनिश आणि बाल्टिक भाषांच्या संपर्कावर लिहिताना. जी खूण कागदावर कुठेच नव्हती ती त्याला ऐकू आली, कारण ती त्याच्या मातृभाषेत होती. आपल्या कानाला अशी सवय नाही. म्हणून लात्व्हियन शिकणाऱ्या मराठी माणसाने खुशाल व्याकरणाचे पुस्तक उघडून बसावे, आणि डॅनिश शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे पुस्तक मिटून तिथला रेडिओ ऐकावा.