भांडण कोणापुढे मांडावे?

शास्त्रभाग : मत्तय १८:१५-१७, फिलिप्पै ४:२-३, गलती २:११-१४



आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतील वाचकांची पत्रे मी प्रथम वाचतो, अग्रलेख मागाहून. ह्या पत्रांत एक गोष्ट वारंवार आढळते. वाद एखाद्या वचनाच्या अर्थावरून सुरू होतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत कोणाच्या वडिलांनी कोणते पद कसे मिळविले ह्यावर येऊन ठेपतो. वचन मागेच राहते.

ह्या संदर्भात मला तंजावर आठवते. ते नाव मराठी माणसाला परके नाही. तेथे भोसले घराण्याने राज्य केले आणि सरफोजी राजे (दुसरे) ह्यांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच देवनागरी मराठी पुस्तक छापले गेले. त्याच कावेरीच्या प्रदेशात, किनाऱ्यावरील तरंगंबाडीस, झिगेनबाल्ग ह्यांचा तमिळ नवा करार १७१५ साली छापून पूर्ण झाला होता. मिशनरी श्वार्ट्झ १७९८ साली तंजावरास प्रभूमध्ये निजले. त्यांच्या छायेत दोन मुले वाढली होती : एक हे सरफोजी राजे व दुसरे वेदनायगम शास्त्री. शास्त्रीबुवांची भक्तिगीते तमिळ मंडळ्यांत आजही गाइली जातात.

१८२९ च्या सुमारास ह्याच शास्त्रीबुवांनी नव्या मिशनऱ्यांविरुद्ध लेखणी उचलली. त्यांच्या तक्रारी मुख्यतः चार. फाब्रीसियस ह्यांनी केलेल्या जुन्या, लोकांच्या तोंडी बसलेल्या तमिळ शास्त्राचे शब्द बदलले जात होते. उपासनेतील तमिळ गीतांना अटकाव होत होता. लग्नातील फुलांना बंदी होती. आणि चौथी तक्रार अशी की, प्रभुभोजनाच्या वेळी उच्च मानलेल्या जातीच्या विश्वासणाऱ्यांना इतरांबरोबर बसावयास लावले जात होते.

वाचकहो, येथे थोडे थांबा. भाषांतराचे काम करणारा म्हणून पहिल्या तक्रारीकडे माझे मन ओढले जाते. बाळपणापासून पाठ केलेल्या वचनातील शब्द कोणी न विचारता बदलला, तर श्रद्धावंताला तो घाव वाटतो. आम्ही भाषांतरकार हे फार लवकर विसरतो. गीतांच्या व फुलांच्या बाबतीतही शास्त्रीबुवांची बाजू मला बळकट वाटते. परंतु चौथ्या बाबतीत ते चुकले. प्रभूच्या मेजाशी जात आणणे हे शुभवर्तमानाला सोडून आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी बंधूंच्या पंक्तीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला एकांतात गाठले नाही. सर्वांसमक्ष विरोध केला. कारण दोष सर्वांसमक्ष घडला होता आणि त्याचा घाव दुर्बलांवर बसला होता. म्हणजे प्रत्येक वाद झाकून ठेवावा, असे शास्त्र सांगत नाही. काही पाळक मत्तयाचा अठरावा अध्याय टीकाकारांचे तोंड बंद करण्यासाठी वापरतात. प्रभूने तो त्यासाठी दिलेला नाही.

मग बिघडले कोठे? चारही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या. ज्याला गीते हवी होती त्याला जातीची पंगतही पत्करावी लागे. ज्याला एक पंगत हवी त्याला गीतांवरील बंदीही. वैर असेच काम करते. 'हे खरे काय?' ह्या प्रश्नाच्या जागी ते 'तुम्ही कोणाकडचे?' हा प्रश्न ठेवते. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन ह्यांनी मंडळीतील जातिभेद तात्काळ सोडण्याचा आदेश दिला. आदेश न्याय्य होता. पण तंजावरात अनेकांनी तो मानला नाही व ते मंडळीपासून दूर झाले.

आता फिलिप्पैची मंडळी पाहा. युवदीया व सुंतुखे ह्या दोघी बहिणींचे पटत नव्हते. पौलाचे पत्र भर मंडळीत वाचले जाणार होते, हे तो जाणून होता. त्याने दोघींची नावे घेतली, दोघींना सारखीच विनंती केली, शुभवर्तमानासाठी त्यांनी केलेले श्रम सांगितले आणि एका सोबत्याला त्यांना साहाय्य करावयास सांगितले. भांडण कशावरून होते, हे मात्र त्याने लिहिले नाही. आपण सहसा उलट करतो : भांडण तपशीलवार लिहितो आणि श्रम गाळतो.

कावेरीचे पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी फाटे फुटून वाटले जाते व पाटापाटाने समुद्राकाठच्या गावांपर्यंत जाते. वरच्या अंगाला पाटात काय पडले, हे शेवटच्या गावातील शेतकऱ्याने पाहिलेले नसते. त्याच्या भातखाचरात मात्र ते येते. आपला एखादा वर्गणीदार दूरच्या रेल्वे वसाहतीत असतो, मराठी ख्रिस्ती घर एकच. तो ना मला ओळखतो, ना माझ्या विरोधकाला. त्याच्या घरी आमचे भांडण तेवढे पोहोचते.

हे मी दुसऱ्यांना सांगत आहे असे समजू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकात एका वयस्क बंधूंनी माझ्या भाषांतरातील एका क्रियापदाच्या काळाविषयी आक्षेप घेतला. भाषा कडक होती. मी पुढच्याच अंकात उत्तर दिले. त्यात व्याकरणाविषयी दोन वाक्ये होती. उरलेला सारा मजकूर त्यांच्या जुन्या नाराजीविषयी होता. लोकांनी माझ्या उत्तराची तारीफ केली. वर्षभराने मूळ ग्रीक पुन्हा तपासताना दिसले की त्यांचेच म्हणणे बरोबर होते. मी हस्तलिखितात मुकाट्याने दुरुस्ती केली आणि त्यांना कळविले नाही.

आम्ही नऊ वर्षे बोललो नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. माझी क्षमायाचना त्यांनी शांतपणे ऐकून घेतली व एवढेच विचारले, "तो शब्द सुधारलात का?" मी होय म्हटले. "मग तसे छापा की," ते म्हणाले. "थट्टा छापील होती, क्षमा घरात येऊन मागता होय?"

त्यांचे म्हणणे मत्तयाच्या अठराव्या अध्यायाविरुद्ध नाही. माझा दोष एकांतातला नव्हता. तो पेत्राच्या दोषासारखा चारचौघांत घडला होता. म्हणून येथे लिहितो : त्या वचनाविषयीचा आक्षेप योग्य होता व चूक माझी होती. त्यांच्या नाराजीविषयी मी जे लिहिले त्याचा त्या वचनाशी काही संबंध नव्हता. ते मी मागे घेतो. त्यांची अनुमती नसल्याने नाव देत नाही. अंक त्यांना टपालाने पाठवीत आहे.