निरोप आणि ताटातूट

“आता खरी परीक्षा.” अंबाजोगाईतल्या एका गच्चीवर हे वाक्य मी तासाभरात चौघांच्या तोंडून ऐकलं. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा जे मनात आलं ते आनंदाच्या प्रसंगी बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहितो आहे.

दोघंही एमबीबीएस झालेली, एकमेकांशी लग्न करायचं ठरवलेली. पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागली आणि दोघांनाही हवी ती शाखा मिळाली. तिला नागपूर, त्याला तामिळनाडू. तीन वर्षं. मित्रांनी केक आणला, मेसच्या मावशींनी शिरा केला, त्याची आई दुपारच्या एसटीने डब्यात लाडू घेऊन आली. परीक्षेची भाषा करणाऱ्यांत एक प्राध्यापक होते, दोन मित्र होते आणि मुलीचे मामा होते. चौघांच्याही बोलण्यात माया होती. म्हणूनच तो विचार मला अधिक घातक वाटतो, कारण मायेने सांगितलेलं माणूस तपासून पाहत नाही.

तरुणांच्या नात्यांविषयी सध्या पुष्कळ बोललं जातं. शिकायच्या वयात प्रेम म्हणजे लक्ष उडणं, असं म्हणणाऱ्यांनी या दोघांच्या गुणपत्रिका पाहाव्यात. व्हिडिओ कॉलमुळे अंतर उरलेलं नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की तापलेल्या कपाळावर ठेवायचा हात फोनमधून जात नाही. या दोन मतांवर जास्त शब्द खर्च करायची गरज नाही. ‘अंतर ही प्रेमाची परीक्षा असते’ हे तिसरं मत मात्र शहाण्यासुरत्या माणसांचं आहे आणि ते मुळातून चुकीचं आहे.

परीक्षा म्हटली की प्रश्नपत्रिका काढणारा कुणीतरी असतो. ही कुणी काढली? पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि गुणानुक्रमाने वाटल्या जातात. प्रत्येक जण एकेकटा रांगेत उभा असतो. दोघांना एका शहरात जागा हवी असेल तर तसं लिहायला अर्जात रकाना नाही. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या जागा भरताना दोन उमेदवारांना आपले पसंतीक्रम एकमेकांशी जोडता येतात. आपल्याकडेही नोकरी लागल्यावर शासनाला नवरा-बायको दिसू लागतात. दोघांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं अशा केंद्र सरकारच्या सूचना १९८६ पासून आहेत. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग आहे आणि दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर त्याचा लाभ मागता येतो. म्हणजे माणसं जोडीने जगतात हे व्यवस्थेला ठाऊक आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तिने त्याकडे पाहिलेलं नाही, इतकंच. ही जागावाटपाची एक रीत आहे, ती बदलता येते. तिला परीक्षा म्हटलं की ती दैवासारखी अटळ वाटू लागते. उद्या काही बिनसलं तर दोष त्या दोघांच्या प्रेमाचा, वाटपाचा नाही. नापास कोण झालं, तर ते दोघं.

आमच्या बीड जिल्ह्यात हे जास्त बोचतं. इथल्या पोरांच्या आयुष्यात परीक्षांना तोटा नाही. नीट, पोलीस भरती, एमपीएससी. एक संधी हुकली की गावात त्या पोराची ओळखच त्या निकालाने होते, आणि ती पुढची पाच-सहा वर्षं पुसत नाही. निदान प्रेम तरी गुणपत्रिकेबाहेर राहू द्यावं.

याउलट, जवळ राहणं ही पुण्याई असते असंही नाही. आमच्याच जिल्ह्याने ते दाखवून दिलं आहे. त्या मुलाचे आईवडील ऊसतोड कामगार. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ते पाच-सहा महिने नवरा-बायको एका कोपीत राहतात, एका फडात राबतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत एकमेकांच्या नजरेसमोर असतात. एकाने अंग टाकलं तर खाड्याचे पैसे दोघांच्या हिशोबातून जातात. लाखो माणसं अशी वर्षानुवर्षं एकत्र राहत आली. ती प्रेमाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली असं कुणी म्हणेल का? त्यांना एकत्र ठेवलं ते कोयत्याला दोन माणसं लागतात म्हणून. जोडी लवकर जुळावी म्हणून मुलींची लग्नंही लवकर उरकली जातात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, राज्याच्या सरासरीच्या दुप्पट.

तेव्हा त्या मुलाच्या घराची गोष्ट अशी आहे. जे शिकले नाहीत त्यांना पोटाने एकत्र बांधलं आणि जो शिकला त्याला शिक्षणाने वेगळं केलं. पहिल्याला आपण संसार म्हणतो, दुसऱ्याला परीक्षा. दोन्ही वेळा अंतर किती हे तिसऱ्यानेच ठरवलं.

एक कबुली द्यायला हवी. लांब राहिल्यावर काही नाती सुटतात, आणि त्यातली काही सुटायलाच हवी असतात. अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. पण एकाच घरात राहून सुटलेली नातीही मी पाहिली आहेत, आणि तिथे कुणी परीक्षेचं नाव काढत नाही. म्हणून नात्याचा विचार करताना किलोमीटर मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. वेगळं होताना काय घडलं हे पाहावं. त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते एकाच अर्थाने वापरून वाया घालवतो. ताटातूट आणि निरोप. ताटातूट होते, निरोप दिला-घेतला जातो. ताटातुटीत कर्ता बाहेरचा असतो, माणसं नुसती तुटतात. निरोपाला दोन माणसं लागतात आणि शब्द लागतात. निरोप म्हणजे निघणं, आणि निरोप म्हणजे कुणाकडे तरी पोचवायचं सांगणंही. भाषेने ही दोन्ही कामं एका शब्दाकडे का दिली असावीत याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे.

अंबाजोगाईच्या माणसाला ताटातूट समजावून सांगावी लागत नाही. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, वऱ्हाड वाटेत रेंगाळलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडी दगड झाले आणि देवी इथेच कुमारिका राहिली, अशी आख्यायिका आहे. अंबाजोगाई ते परळी पंचवीसेक किलोमीटर. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला दगड झालेल्या माणसांची भीती वाटायची. आता वेगळंच जाणवतं. त्या गोष्टीत कुणी कुणाशी बोलत नाही. इकडून सांगावा जात नाही, तिकडून येत नाही. मुहूर्ताने सगळं ठरवलं आणि सगळे गप्प राहिले.

दुसरं टोक सर्वांच्या परिचयाचं आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, १८८६ च्या मार्चमध्ये एम.डी. झाल्या. त्या कथेत आपण गोपाळरावांचा हट्ट पाहतो किंवा आनंदीबाईंचा त्याग पाहतो. मला मात्र त्यातली २४ फेब्रुवारी १८८३ ही तारीख सर्वांत मोठी वाटते. त्या दिवशी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात, परक्या प्रांतात, सतरा वर्षांची ती मुलगी लोकांसमोर उभी राहिली. आपण का जातो, एकटीच का जातो, परत कशा येणार, हे तिने स्वतः सांगितलं. नवरा मागे राहणार होता. अंतर समुद्राएवढं होतं आणि पत्र पोचायला आठवडे लागायचे. तरी ती ताटातूट नव्हती, कारण जाण्याचा अर्थ तिने दुसऱ्या कुणाला ठरवू दिला नाही.

त्या गच्चीवरच्या केकला कुणी दिखावा म्हणेल, कुणी ‘सेटल झाल्यावर करायचं होतं’ म्हणेल. मी तिथे जे पाहिलं ते सांगतो. केक कापून झाल्यावर मुलीने एक वही काढली आणि सगळ्यांच्या देखत दोघांनी ठरवायला घेतलं. पहिली सुट्टी कुणाला आधी मिळेल. निवासी डॉक्टरांच्या ड्यूटीत फोन घेता आला नाही तर दुसऱ्याने काय समजायचं. विद्यावेतनातून त्याच्या आईवडिलांच्या उचलीचे किती फेडायचे आणि तिकिटांना किती ठेवायचे. तिच्या वडिलांना लग्नाचं कधी आणि कोण सांगणार, यावर मामांनी मान खाली घातली, पण ते उठून गेले नाहीत. दोघांपैकी कुणीही प्रेम हा शब्द उच्चारला नाही. मला तो सोहळा त्या वहीपाशी झाला असं वाटतं.

तेवढ्यात इतका वेळ कठड्याला टेकून बसलेल्या त्याच्या आईने मुलीला विचारलं, “मग आता कव्हा येतीस, पोरी?”

“दिवाळीत. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी.”

“तव्हा आम्ही कारखान्यावर असू.” बाई थोडा वेळ थांबली. “तिकडंच ये.”

मुलीने वहीचं नवं पान उघडलं आणि कारखान्याचं नाव, तालुका, उतरायचा फाटा असं एकेक विचारून लिहून घेतलं.