आधी विद्या, मग विनय

विद्या माणसाला विनय देते, असं सांगणारं संस्कृत सुभाषित आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. त्यातला क्रम आपण रोज वाचतो आणि रोज मोडतो. सुभाषितात विद्या आधी येते, विनय तिच्या पोटी जन्मतो. आपण मात्र विनय दारातच वसूल करतो. आधी मान खाली घाल, उलट विचारू नकोस, मग शिकवायचं की नाही ते बघू. शिकणाऱ्यानं नम्र असावं यावर कुणाचाच वाद नाही. पण ही नम्रता कुणाकडून मागितली जाते, आणि शिकण्याच्या कुठल्या टप्प्यावर, हे सातारा-सांगली भागाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला की बोचू लागतं.

वाईपासून सुरुवात करतो. १९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन बाहेर पडले आणि त्यातला मोठा काळ वाईला राहिले. तिथं नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा होती. पाठशाळेला त्यांनी स्वतःचं नव्हे, आपल्या गुरूंचं, प्रज्ञानंद सरस्वतींचं नाव दिलं होतं. विनोबांनी तिथं उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य, पातंजल योगदर्शन यांचा अभ्यास केला. वर्ष संपत आलं तेव्हा गांधीजींना त्यांनी हिशेब देणारं एक लांब पत्र लिहिलं. त्या पत्रात काय शिकलो याच्या जोडीला काय शिकवलं याचीही नोंद आहे. गीतेचा वर्ग घेतला, ज्ञानेश्वरी शिकवली, कुणाला इंग्रजी शिकवलं. हिंदीच्या प्रचाराबद्दल लिहिताना आपल्याला हिंदी नीट येत नाही हे ते सरळ सांगतात, आणि तरीही विद्यार्थ्यांबरोबर हिंदी वर्तमानपत्रं वाचायचा क्रम ठेवल्याचं नोंदवतात. वाचनालयासाठी पैसे हवे होते, म्हणून विनोबा आणि काही विद्यार्थी जात्यावर लोकांची दळणं दळत होते. गावानं वेड्यात काढलं, पण चारशेच्या आसपास पुस्तकं जमली.

सकाळी भाष्याची पंक्ती लावून घेणारा माणूस दुपारी कुणाचा तरी मास्तर व्हायचा. पाठशाळेतल्या लक्ष्मणशास्त्री जोशी या सोळा वर्षांच्या मुलाला विनोबांकडून इंग्रजीचे धडे मिळाले. शास्त्रांच्या अभ्यासात मात्र दोघंही त्याच पाठशाळेचे विद्यार्थी. अशा जागी नम्रता शिकवावी लागत नाही. एका विषयात पुढे असलेला दुसऱ्या विषयात मागच्या बाकावर बसतो, आणि दोन्ही जागा त्याच्या अंगवळणी पडतात. सत्कार-समारंभात ‘मी तर आयुष्यभर विद्यार्थीच राहिलो’ म्हणणाऱ्या वक्त्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं की गेल्या वर्षी कुणाकडे बसून काय शिकलात?

या पाठशाळेत जी शास्त्रं चालत त्यांच्यातच नम्रतेची एक वेगळी कल्पना आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करणं म्हणजे वितंडा. (वाहिन्यांवर रात्री नऊला जे चालतं ते तिसऱ्या प्रकारात तरी नीट बसतं का, शंका आहे.) शास्त्रकार आपलं मत सांगण्याआधी पूर्वपक्ष मांडतो, म्हणजे विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या तोंडून, शक्य तितकं बळकट करून. ते जमण्यासाठी त्या माणसाचं ऐकावं लागतं आणि त्याचे ग्रंथ वाचावे लागतात. एवढं करून मग त्याला खोडायचं. मान वाकवण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे, आणि शिकणाऱ्याची खरी नम्रता मला इथं दिसते.

पण वाईचं हे चित्र रंगवताना एक गोष्ट झाकता येणार नाही. त्यातली सगळी माणसं ब्राह्मण होती. पाठशाळेच्या दारात त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आपल्याला काय येत नाही हे सांगायची त्यांना भीती नव्हती, कारण त्यामुळे त्यांची जागा जाणार नव्हती.

७ नोव्हेंबर १९०० रोजी, म्हणजे विनोबा वाईला येण्याच्या सतरा वर्षं आधी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्गात या मुलानं कसं शिकायचं, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली.

या मुलाला कुणी विनय शिकवायला गेलं असतं तर तो उपदेश नव्हे, क्रौर्य ठरलं असतं. ज्याला आधीच जमिनीवर बसवलंय त्याला आणखी किती वाकायला सांगणार? तरीही १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला तेव्हा प्रस्तावनेत बाबासाहेबांनी एक कबुली दिली. संस्कृत भाषेवर प्रभुत्व असल्याचा आपला दावा नाही, असं त्यांनी मान्य केलं. लगेच पुढे हेही बजावलं की तेवढ्यावरून या विषयावर बोलायचा आपला हक्क जात नाही. हे वाङ्मय इंग्रजी भाषांतरांतून उपलब्ध आहे आणि आपण त्याचा पंधरा वर्षं अभ्यास केला आहे. मग ऋग्वेदापासून मनूपर्यंतचे आधार मांडून त्यांनी आपला सिद्धान्त उभा केला. जे येत नाही ते कागदावर मांडायचं, आणि जे कमावलंय त्यावरचा हक्क तसूभरही सोडायचा नाही, या दोन गोष्टी एकाच पानावर नांदतात. संस्कृत कुणामुळे राहिलं याची तक्रार करायला त्या जागी पुरेपूर वाव होता.

याच्या नेमकं उलट टोक सांगलीकडच्या संगीताच्या इतिहासात सापडतं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. श्रुतींची मापं घ्यायला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ज्यांचं घर पुढे मिरजेत झालं. सत्तेतला गोरा न्यायाधीश मुसलमान गवयासमोर कान देऊन बसतो, हे त्या काळात थोडं नव्हतं. पण श्रुती बावीस आणि त्यांची गणितं अमुक, हे उत्तर ग्रंथांतून आधीच तयार होतं. गळ्याकडून हवी होती ती साक्ष. त्या श्रुतींसाठी खास हार्मोनियम घडवली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर बराच वाद झाला आणि भातखंड्यांसारख्या संगीतशास्त्रज्ञांनी ही मांडणी मानली नाही. ती पेटी मैफलीत कधी रुजलीच नाही. देवल आणि क्लेमंट्स यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या प्रश्नाला खाँसाहेबांकडून ‘नाही’ असं उत्तर यायची वाटच ठेवलेली नव्हती.

त्याच मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा ही माणसं लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळली. पिढीजात हातात असलेली कला बाजूला ठेवून नवख्यासारखं नवं शिकणं त्यांना भाग पडलं. अजूनही तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढताना घोडी किती घासायची हे कोष्टकात सापडत नाही. थोडं घासून, तार छेडून, ऐकून ठरवायचं असतं.

वाईच्या त्या सोळा वर्षांच्या मुलाकडे परत येतो. लक्ष्मणशास्त्रींना १९२३ साली ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळाली. अस्पृश्यतेचा प्रश्न पेटला तेव्हा या पंडितानं शास्त्रांचे आधार काढून तिच्या निर्मूलनाची बाजू घेतली. नंतर ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून, ज्या परंपरेनं आपल्याला मोठं केलं तिच्यावरच टीका केली. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले, म्हणजे पुन्हा नव्या विषयात पहिल्या इयत्तेत बसले. १९६० नंतर वाईतच मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं तेव्हा प्रमुख संपादक म्हणून त्यांच्यापुढे पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, स्थापत्य असे विषय होते, जे पाठशाळेत कधी शिकवले गेले नव्हते. मजकुराआधी मराठीत संज्ञा ठरवायच्या, त्यासाठी त्या-त्या विषयाच्या जाणकारांना विचारत बसायचं. परिभाषासंग्रह १९७३ ला निघाला, पहिला खंड १९७६ ला. तेव्हा शास्त्रीबोवा पंचाहत्तर वर्षांचे होते आणि पुढचे खंड अजून व्हायचे होते.