घंटा कुणाच्या नावे?

बँकेत वीस वर्षं जमा-नावे करून माणसाला एक खोड लागते. समोर काहीही दिसो, 'हे कुठल्या खात्यात टाकायचं?' हा प्रश्न आधी उभा राहतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला गेलो, तिथेही तेच झालं. फडणवीस म्हणजे मुळात हिशेबदप्तराचा माणूस, आमच्याच बिरादरीतला. पण गृहस्थाने कृष्णाकाठी चांगला सहा चौकांचा वाडा बांधला! इथे माझ्या दोन खोल्यांचे हप्ते अजून अकरा वर्षं फिटायचे आहेत. दगडी जोतं, लाकडी खांब, आणि भिंती अशा जाड की बाहेर वैशाख पेटलेला असताना आत माठासारखा गारवा. "इथे विजेचं बिल काहीच येत नसेल," ही म्हणाली.

मग घाटावर उतरलो आणि देवळाशी ती घंटा भेटली. घंटा देवळाची, पण तिच्यावर आकृती मेरीची! १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे त्यांच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. आणली एकाने, वाजवली दुसऱ्याने. लूट म्हणावं तर जीभ रेटत नाही. वसईपायी आपली माणसं काय थोडी पडली? वारसा म्हणावं, तर मेरी बघते आहे.

हा पेच मी हिच्यापुढे मांडला. ती शांतपणे म्हणाली, "आपल्या पितळी पातेल्यावर कुणाचं नाव आहे हो?"

संपलंच! त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं आहे : 'ग. वि. जो.' आमच्या सात पिढ्यांत कुणी 'जो' नाही. माझ्या मुंजीला वडिलांनी ते शेजारून आणलं. आता त्या बटूला टक्कल पडलं. शेजारी गाव सोडून गेले, वडीलही गेले. मधल्या काळात दोनदा कल्हई आम्ही केली, म्हणजे देखभालखर्च आमच्याकडे. शिवाय दर कोजागरीचं दूध त्यातच आटतं. आणि आणलं मी थोडंच?

"पण द्यायचं कुणाला?" मी म्हणालो.

"त्यांचा धाकटा साताऱ्यात असतो. तुम्हीच सांगितलं होतंत."

एस. टी. येईपर्यंत मी गप्प होतो. मग म्हणालो, "एवढी कोजागरी होऊ दे. मग बघू."

"नानाही असंच म्हणाले असतील," ही म्हणाली, आणि खिडकीची जागा धरून बसली.